खिडकीतली सक्युलंट : लांबलेली एचेव्हेरिया, सडलेली पानं आणि नवी रोपं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीन महिन्यांपूर्वी एचेव्हेरिया, हॉवर्थिया आणि जेड अशी तीन छोटी रोपं आणली. दर रविवारी न चुकता पाणी घातलं. आता एचेव्हेरिया उंच होत चाललीय आणि तिची खालची पानं पिवळी पडून गळताहेत. गळलेली पानं नवी रोपं येतील म्हणून मातीत खोचली, ती सडली. हॉवर्थिया आहे तशीच आहे, जेड बरं आहे. शिवाय, तिन्ही मिळून एका काचेच्या भांड्यात लावली तर चालतील का, हेही विचारलंय. भांड्याचं शेवटी बघू.

आधी मूळ मुद्दा. ही सगळी सक्युलंट आहेत, म्हणजे साठ्यावर जगणारी झाडं. पानांत, खोडात, काहींच्या तर मुळांतही पाणी भरून ठेवलेलं असतं, त्यामुळे बरं-वाईट काहीही झालं तरी ते उशिरा दिसतं. मऊ पानांच्या झाडाला पाणी कमी पडलं की ते दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी पाणी मिळालं की उठून बसतं. चूक कळते आणि सुधारताही येते, तेही एका दिवसात. सक्युलंटची मुळं आज कुजायला लागली तरी वरचा भाग दोन-तीन आठवडे ताजातवाना दिसू शकतो. मग एक दिवस सहज हात लावावा तर अख्खं झाड बुडापासून सुटून हातात येतं आणि आपण म्हणतो, ‘काल तर छान होतं!’ काल ते फक्त दिसायला छान होतं. तुम्ही आज जी पिवळी पानं बघताय, त्यांचं कारण या रविवारच्या पाण्यात सापडणार नाही, ते त्याआधीच्या चार-पाच रविवारांत आहे.

ही झाडं सावकाश वाढतात त्यालाही कारण आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच छिद्रांतून पाणीही उडून जातं. बरीच सक्युलंट हा व्यवहार रात्री करतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात पानात साठवायचा आणि दिवसा छिद्रं मिटून त्यावर अन्न तयार करायचं. पानफुटीची पानं सकाळी आंबट लागतात आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो, हे बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या टिपणात नोंदवून ठेवलंय. (तुम्ही चाखून बघू नका. पानफुटीच्या जातकुळीतल्या झाडांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. घरात मांजर-कुत्रा असेल तर कॅलांचो (पानफुटीची जातकुळी ती हीच) त्यांच्या तोंडाला लागणार नाही असा ठेवा.) या पद्धतीत पाणी वाचतं, पण वाढ मंदावते. आणि रात्र गरम असेल तर हे काम नीट चालत नाही. मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या एचेव्हेरियांना रात्री गारवा लागतो तो यासाठी. ऐन उकाड्यात त्या थबकतात, पाणी ओढत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच ‘गरम होतंय बिचारीला’ म्हणून जास्त पाणी घातलं जातं.

आता तुमची एचेव्हेरिया. ती उंच होतेय ती उजेड कमी पडल्यामुळे. पाना-पानांमधलं अंतर वाढतं, पानं वर वळायचं सोडून खाली झुकतात, रंग फिका हिरवा होतो आणि शेंडा खिडकीकडे झुकतो. तुम्ही लिहिलंय की खोलीत भरपूर उजेड आहे. असेलही, पण उजेडाच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. बाहेर भर उन्हात साधारण १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, खिडकीला लागून काही हजार, आणि खोलीच्या मध्यावर बरेचदा जेमतेम काहीशे. आपला डोळा स्वतःला जुळवून घेतो म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. झाडाला तशी सोय नाही. साधी परीक्षा अशी : दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवरून हात धरा. सावलीच्या कडा ठसठशीत उमटल्या तर ती जागा एचेव्हेरियाची. कडा धूसर पण हाताचा आकार कळतोय, तर तिथे हॉवर्थिया आणि तिची नातलग गॅस्टेरिया सुखानं राहतील. सावलीच पडत नसेल तर तिथे झाड ठेवू नका, फोटो लावा.

खिडकीत जागा नसेल तर पांढऱ्या एलईडी दिव्याखालीही ही झाडं उत्तम वाढतात. दिवा झाडापासून १५ ते ३० सेंटीमीटरवर, रोज १२ ते १४ तास. रात्री मात्र अंधार हवाच, त्यांचा श्वास रात्रीचा आहे.

एक सावधगिरी. अंधाऱ्या जागेतलं झाड उचलून एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानांवर पांढुरके किंवा तपकिरी चट्टे पडतात आणि ते त्या पानावर कायम राहतात. दोन आठवड्यांत थोडं थोडं ऊन वाढवत न्या. पानांच्या कडा लालसर झाल्या तर घाबरू नका, उन्हापासून बचावासाठी झाड तो रंग स्वतःच बनवतं. बरेच जण त्या रंगासाठीच ही झाडं पाळतात.

कुंडी आणि मातीबद्दल. तुमच्या तिन्ही रोपांच्या मुळांभोवती बहुधा निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असेल. नर्सरीत ते सोयीचं असतं, वजनाला हलकं, स्वस्त, आणि तिथल्या रोजच्या उन्हा-वाऱ्यात लवकर वाळतंही. घरात आल्यावर तेच कोकोपीट आठवडाभर ओलं राहतं. आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषत नाही, घातलेलं पाणी कुंडीच्या कडेनं सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. रोप कुंडीतून काढून बघा. मधोमध जाळीदार पिशवीत बांधलेला गच्च गोळा दिसला तर ती जाळी कापून काढा, बोटांनी कोकोपीट मोकळं करून झटका. काही मुळं तुटतील, तुटू देत. वरचे रंगीत खडे डिंकानं एकमेकांना चिकटवलेले असतील तर तेही उखडून फेका. त्या खपलीखाली माती वाळली की नाही हे कळायला मार्गच नसतो.

मिश्रणाचं माझं प्रमाण सरळ आहे : एक भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा कोकोपीट, दोन भाग खडे. खडे म्हणजे २ ते ५ मिलिमीटरचे प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), परलाइट (भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे), जाड रेव, विटेचे किंवा कौलाचे बारीक तुकडे, जे मिळेल ते. फक्त चाळणीनं धूळ काढून टाका. खूप लोक बारीक वाळू मिसळतात आणि निचरा सुधारला असं समजतात. होतं उलटं. बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटी भरून काढतात आणि हवा खेळायला जागाच उरत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि बहुतेक वेळा सक्युलंट ‘जास्त पाण्यानं’ मरतं तेव्हा ते खरं म्हणजे मुळांना हवा न मिळाल्यानं मरतं. बाकीचं काम बुरशी करते.

कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धतही सोडून द्या. पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. माती आधी पुरती भिजते, मगच ते खाली सरकतं. म्हणजे ओला पट्टा तळाऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे. कुंडी मातीची असेल तर उत्तम, आणि रोपापेक्षा बोटभरच मोठी घ्या. छोट्या रोपाला ऐसपैस कुंडी दिली की मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

पाणी. ‘आठवड्यातून किती वेळा’ या प्रश्नाला उत्तर नाही. कुंडी केवढी, माती कसली, उजेड किती, हवा किती दमट, यावर तीच कुंडी पाच दिवसांत वाळेल किंवा पंचवीस. बांबूची पातळ काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून पाच मिनिटं ठेवा आणि काढून बघा. काडी गडद, गार लागली किंवा मातीचे कण चिकटून आले तर पाणी नको. महिनाभर असं केलंत की काडीचीही गरज उरत नाही, कुंडी उचलली की वजनावरून कळतं. द्यायचं तेव्हा मात्र भोकातून वाहीपर्यंत द्या आणि बशीतलं साचलेलं ओतून टाका. चमचा-चमचा पाणी देणं आणि फवारे मारणं या दोन्हींनी वरची माती ओली आणि खालची मुळं उपाशी राहतात. एचेव्हेरियाच्या मधोमध पाणी साचू देऊ नका, साचलंच तर फुंकर मारून उडवा. तिच्या पानांवरची पांढरट भुकटी म्हणजे झाडानं स्वतःच तयार केलेलं मेण आहे. बोट लागलं की तिथून ते निघतं आणि त्या पानावर पुन्हा येत नाही.

पानांची भाषा एवढी शिकून घ्या. तहानलेलं पान पातळ, सुरकुतलेलं, वाकवलं तर लवणारं. जास्त पाणी झालेलं पान फुगीर, पिवळसर, अर्धपारदर्शक, दाबलं तर पाणी सुटणारं. सगळ्यात खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळली तर तो आजार नाही. झाड त्यांतला साठा वरच्या पानांना देऊन त्यांना निरोप देतं, ती हातानं काढून टाका. गोंधळ होतो तो एकाच बाबतीत : मुळं कुजलेलं झाडही सुरकुततं, कारण पाणी असूनही ते ओढू शकत नाही. माती ओली आणि पानं सुरकुतलेली, असं दिसलं की पाण्याचा झारा बाजूला ठेवा आणि रोप उपटून मुळं बघा. चांगली मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि ताठ असतात. कुजलेली काळपट असतात आणि ओढली की वरचं साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहतो.

तुमच्या हॉवर्थियाचं सांगतो. ‘आहे तशीच आहे’ हे तिचं चांगलंच लक्षण आहे. दक्षिण आफ्रिकेतली ही झाडं खडकांच्या आणि झुडपांच्या सावलीत वाढतात. काही जातींची तर पानांची टोकं तेवढी जमिनीवर असतात आणि त्या पारदर्शक टोकांतून उजेड आत उतरतो. तिची जुनी मुळं मधूनमधून आपोआप मरतात आणि नवी येतात, तेव्हा माती बदलताना पोकळ, तपकिरी मुळं दिसली तर हादरून जाऊ नका. ओढून काढा आणि पुन्हा लावा.

आता नवी रोपं. तुमची पानं का सडली याची दोन कारणं तुमच्या प्रश्नातच आहेत. एक, ती आजारी झाडाची गळलेली पिवळी पानं होती. दोन, ती लगेच मातीत खोचली. गळलेलं पिवळं पान म्हणजे संपलेला साठा, त्यातून काही येत नाही. पानापासून रोप येतं ते त्याच्या बुडाशी असलेल्या पेशींपासून, आणि ते येईपर्यंतचा सगळा खर्च त्या पानातल्या साठ्यावर चालतो. पान हीच पिल्लाची शिदोरी. म्हणून पान भरलेलं हवं, आणि बुड शाबूत हवं.

पान काढायची रीत अशी. आधी झाडाला काही दिवस पाणी देऊ नका, किंचित तहानलेलं पान सहज सुटतं. सगळ्यात खालची थकलेली पानं नकोत, शेंड्याची कोवळीही नकोत, मधल्या ओळींतली भरदार घ्या. चिमटीत पान बुडाजवळ धरा, टोकाशी नाही. डावीकडे हलवा, उजवीकडे हलवा. बारीक ‘टक्’ असं जाणवतं आणि पान सुटतं. आता त्याचं बुड बघा. चंद्रकोरीच्या आकाराची फिकट, गुळगुळीत खूण दिसली तर काम झालं. बुड फाटलेलं असेल, किंवा त्याचा पापुद्रा खोडावरच राहिला असेल तर ते पान बहुधा वाया. कधी कधी अशा पानाला झुबकेदार मुळं येतात, पण महिने लोटले तरी कोंब येत नाही. आमच्याकडे अशा पानांना आंधळी पानं म्हणतात. ती जिवंत राहतात, पण त्यांची रोपं होत नाहीत.

काढलेली पानं सावलीत, कोरड्या जागी, कागदावर पसरून दोन ते पाच दिवस ठेवा. जखम वाळून तिथे घट्ट पापुद्रा आला पाहिजे. मग खडेवाल्या मिश्रणावर ती आडवी ठेवा, नुसती ठेवा. खोचायची नाहीत, पाणी द्यायचं नाही, थेट ऊन नको पण उजेड भरपूर हवा. २० ते २७ अंश तापमानात दोन ते चार आठवड्यांत बुडातून गुलाबी-पांढरे धागे निघतात. ती मुळं. काही पानांना आधी मुळं येतात, काहींना आधी इवलासा कोंब, क्रम काहीही असो. मुळं दिसली की त्यांच्यावर चिमूटभर माती लोटा, कारण हवेत लोंबकळणारी मुळं वाळून जातात, आणि त्यानंतरच मुळांजवळची माती हलकी ओलवायला लागा.

इथून पुढे बहुतेकांची गफलत होते. ‘सक्युलंटला पाणी कमी’ हे वाक्य लोकांच्या इतकं डोक्यात बसलेलं असतं की ते पिल्लांनाही कोरडं ठेवतात. वाटाण्याएवढ्या रोपात साठा असतोच किती? जोवर मूळ पान भरलेलं आहे तोवर पाणी बेतानं. ते पान सुकायला लागलं की पिल्लाला नेमानं पाणी हवं, वरचा थर वाळला की दोन-तीन दिवसांनी पुन्हा. रोप रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठं झालं की हळूहळू मोठ्यांच्या सवयी लावा. मूळ पान पूर्ण वाळून आपोआप सुटेपर्यंत तोडू नका.

कुठलं झाड पानापासून होतं आणि कुठलं नाही, हे आधी माहीत हवं, नाहीतर फुकट वाट बघणं होतं. ग्रॅप्टोपेटॅलम, पॅकिफायटम, जाड पानांची सेडम ही सगळ्यात सोपी. ग्रॅप्टोपेटॅलमची पानं तर धक्का लागून पडली तरी पडल्या जागी रुजतात. शिकायचं असेल तर त्यापासून सुरुवात करा. एचेव्हेरियामध्ये जाड पानांच्या जाती सहज होतात, पातळ आणि झालरीदार पानांच्या रडवतात. पण एक युक्ती आहे : एचेव्हेरियाला फुलांचा दांडा येतो तेव्हा त्यावर छोटी छोटी जाड पानं असतात. ती हळूच काढून ठेवा, अंगची पानं रुजत नाहीत अशा जातींतही ती बरेचदा रुजतात. जेडची पानं होतात, पण पानापासून झाड व्हायला इतका वेळ लागतो की फांदी लावलेली बरी. गॅस्टेरियाच्या पानाचे तुकडेही रुजतात. कोरफड, घायपात आणि इओनियम यांच्या पानांच्या मागे लागू नका. कोरफडीचं पान मातीत खोचून ठेवलेलं अनेक घरांत बघतो, ते महिनाभर हिरवं राहतं, कारण साठा मोठा आहे. मग सडतं.

तुमच्या एचेव्हेरियाला पानांपेक्षा शेंडा कापून लावणंच योग्य. लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, कितीही उजेड द्या. मात्र आधी झाड उपटून बघा आणि खोड कुठपर्यंत निरोगी आहे ते ठरवा. धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या पात्यानं शेंड्याखाली दोन-तीन सेंटीमीटर खोड ठेवून कापा. कापलेला भाग आतून हिरवट-पांढरा, स्वच्छ दिसला पाहिजे. मधोमध तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसलं तर कूज तिथवर चढलीय. पातं पुसा, आणखी वर कापा, स्वच्छ दिसेपर्यंत कापत जा. शेंडा आठवडाभर रिकाम्या पेल्याच्या तोंडावर ठेवून द्या, खोड खाली लोंबकळतं, हवा लागते आणि बाजूला पडून तो वाकडाही होत नाही. खोडाच्या जखमेवर दालचिनी, हळद लावा असं सांगणारे पुष्कळ भेटतील. जखम वाळली की काम होतं, मी काहीही लावत नाही. रूटिंग हार्मोनचीही (मुळं फुटावीत म्हणून लावतात त्या औषधाची) गरज नाही. वाळल्यावर कोरड्या मिश्रणावर बसवा, आठवडाभरानं थोडं थोडं पाणी सुरू करा, आणि तीन-चार आठवड्यांनी अलगद हलवून बघा, अडलं तर मुळं धरली.

पानांचा गोळा इतका घट्ट असेल की पातं शिरत नाही, तर पातळ नायलॉनचा दोरा घ्या. दोन पानांच्या ओळींमध्ये तो खोडाभोवती गुंडाळा, दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना ओढा. एकही पान न दुखावता खोड लोण्यासारखं कापलं जातं.

आणि खालचा बोडका खुंट फेकू नका! मुळं निरोगी असतील तर तो तसाच उजेडात राहू द्या, पाणी अगदी कमी. जिथे पानं होती त्या खुणांच्या वर महिन्या-दोन महिन्यांत बारीक कोंब फुटतात, कधी एक, कधी पाच-सहा. शेंडा असेपर्यंत तो बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवत होता, तो गेल्यावर ते जागे होतात. कोंब दोन-तीन सेंटीमीटर रुंद झाले की काढून वेगळे लावा. माझ्या नर्सरीत बरीचशी एचेव्हेरिया अशीच वाढवतो, पानांपेक्षा कितीतरी लवकर मोठी होते.

हॉवर्थियाला बुडाशी पिल्लं येतात. पिल्लू आईच्या निम्म्या-तिसऱ्या हिश्शाएवढं झालं आणि त्याला स्वतःची मुळं आली की माती झटकून, पिल्लू बाजूला वाकवून सोडवा. दोन-तीन दिवस वाळवा, लावा. घाईनं नखाएवढी पिल्लं तोडू नका. पानापासूनही ती होते, पण पानाचं बुडाकडचं पांढरं टोक पूर्ण निघालं पाहिजे आणि तुमच्याकडे चिकाटी हवी.

जेडची फांदी बोटाएवढी घ्या, आठवडाभर वाळवा, लावा. त्याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही.

स्नेक प्लांटचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो म्हणून. त्याचं पान आडवे तुकडे करून लावता येतं, फक्त जी बाजू खाली होती तीच खाली राहिली पाहिजे, उलटा तुकडा रुजत नाही. तुकड्यांवर आधी खूण करून ठेवा. आणि पिवळ्या कडांची जात पानापासून लावली तर पिल्लं साधी हिरवी येतात. त्या पिवळ्या कडा वेगळ्या जातीच्या पेशींच्या थरातून बनलेल्या असतात आणि नवा कोंब येतो तो आतल्या हिरव्या थरातून. कडा हव्या असतील तर गड्डा विभागूनच लावा.

बियांपासूनही ही झाडं होतात, पण घरगुती माणसानं त्यात पडावं ते हौस म्हणूनच. लिथॉप्स, म्हणजे दगडासारखं दिसणारं झाड, त्याला अपवाद, ते बियांपासूनच करतात. १८११ साली विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गअभ्यासकानं दक्षिण आफ्रिकेत चमत्कारिक आकाराचा दगड म्हणून ते उचललं होतं. त्याचं पाण्याचं गणित सगळ्यांहून वेगळं आहे : नवी पानांची जोडी आतून येताना जुन्या जोडीतला साठा पिऊन वाढते, त्या काळात त्याला पाणी अजिबात द्यायचं नाही. तुमच्या पहिल्या वर्षात ते आणू नका. नंतर आणाल तेव्हा बियांपासून वाढवलेलं आहे ना, एवढं विचारा. या वर्गातल्या झाडांची जंगलातून मोठ्या प्रमाणावर चोरी होते.

किडीत एकच शत्रू लक्षात ठेवा, पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की तोच. पातळ ब्रश ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक पुंजक्याला लावा, आठवड्यानं पुन्हा, आणखी एकदा. कुंडीवर मुंग्यांची ये-जा दिसली तर आधी हीच शंका घ्या, कारण त्या याच्या गोड स्रावावर येतात. याचा भाऊबंद मातीत मुळांवर राहतो आणि तो जास्त त्रासदायक, कारण वरून काहीच दिसत नाही, झाड नुसतं रुसल्यासारखं थांबतं. कुंडीच्या आतल्या भिंतीला पांढरी भुकटी दिसली तर सगळी माती फेका, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा, वाळवा, नव्या मातीत लावा. नवीन आणलेलं रोप म्हणूनच तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवावं. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या घोंगावत असतील तर त्या झाड खात नाहीत फारशा, पण माती सतत ओली आहे याची ती चुगली आहे.

खत नव्या मिश्रणात वर्षभर लागत नाही. नंतर वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव हिश्शानं.

आता काचेचं भांडं. नको. भोक नाही, त्यामुळे पाणी बाहेर जायला वाट नाही, आणि बाजूनं दिसणारा मातीचा ओला पट्टा बघूनही आपण काही करू शकत नाही. बंद तोंडाचं असेल तर आतली हवा दमट राहते, ती शेवाळाला आणि फर्नला मानवते, तुमच्या रोपांना नाही. शिवाय हे तिघे एका घरात नांदणारे नाहीत. एचेव्हेरियाला कडक उजेड हवा, हॉवर्थिया त्यात करपून लाल होईल, आणि जेड वर्ष-दोन वर्षांत दोघींना झाकून टाकेल. एकत्रच बघायची हौस असेल तर तीन छोट्या मातीच्या कुंड्या एका पसरट ट्रेमध्ये ठेवा, मध्ये खडे भरा. दिसतं तेच, आणि एकीला पाणी देताना दुसरीला वगळता येतं.